उणे अठराची खोली

सोहारला नोव्हेंबरातही दुपार एकतीसवर असते.
मासळी-बंदराच्या शीतगृहात मी उणे अठरा राखतो,
पगार त्याचाच.
सुरमईच्या पेट्यांवर हेरंब नकाशा पसरतो,
चार कोपऱ्यांना चार गोठलेले बांगडे.
हातमोजे कुठले टिकतील ते आम्हाला इथेच कळतं:
दोराला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची,
बोटं ऐकेनाशी झाली की घड्याळ बघायचं.

जानेवारीत अकरा दिवस रजा.
चार विमानांचे आणि बसचे,
एक नुसता शिव्या देण्याचा, असा हेरंबचा हिशेब.
उरले सहा.
सहा दिवसांत जाऊन यायचं स्पितीतल्या त्या नाळेत
(नाळच म्हणतो आम्ही, सह्याद्रीची सवय)
जिथला धबधबा दिवाळीनंतर बोलायचा थांबतो
आणि मार्चपर्यंत उभ्याउभ्याच राहतो.

वाटा दोन.
एक नदीच्या कडेनं, गावं धरून,
ओझ्यासकट दोन दिवस जायला, दोन यायला.
दुसरी खिंडीवरून. सहा तास.
नकाशावर ती सरळ आहे, देखणी आहे,
आणि तिच्या डोक्यावर पूर्वेचा उतार,
रेघा फणीच्या दातांसारख्या.
वारा पश्चिमेचा. म्हणजे वरचं सगळं
उडून येऊन बसणार ते त्याच कुशीत.

तंडुपचा आवाज फोनवर येतो, मध्येच तुटतो.
पहिला बर्फ पातळ पडला, म्हणतो, मग नुसतीच थंडी.
खाली सगळी साखर झालीय, मुठीत धरवत नाही.
आता त्यावर नवा बसेल तो
कुणाच्या भरवशावर

आणि फोन जातो.

हेरंबच्या डाव्या हाताला दोन पेरं कमी आहेत.
कुठे गेली ते तो सांगत नाही.
तरी तोच खिंडीच्या बाजूनं बोलतो:
चार दिवस चढाई मिळेल, चार!
पहाटे तीनला निघू, ऊन लागायच्या आत पलीकडे.
मी मान हलवतो.
मान हलवायला काय लागतं, गरम खोलीत असो की गार.

तेवढ्यात निसार मुकादम येतो ट्रॉली ढकलत.
जयगडचा. एकोणीस वर्षं या बंदरात,
बर्फ रोज टनानं फोडतो,
पडताना एकदाही पाहिलेला नाही.
गंमत म्हणून त्याला दोन्ही वाटा दाखवतो.
तो रेघांवरून बोट नेतो,
ओहोटीचं पाणी जोखावं तसं, सावकाश.
"आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे," म्हणतो,
"वळसा घातला तर तास जातो.
अब्बा वळसा घालायचे.
चाचा नाही."
आणि पेट्या मोजू लागतो, बेचाळीस, त्रेचाळीस.
चाचाचं पुढचं आम्ही विचारत नाही.

कॉम्प्रेसर थांबतो, दम खातो, पुन्हा लागतो.
खिंडीतली पेन्सिलीची रेघ हेरंब खोडत नाही.
तिच्यावर बारीक अक्षरात लिहितो:
सतरा फेब्रुवारी.
साल लिहीत नाही.
मग नदीकाठावर फुल्या मारतो,
पहिला मुक्काम तंडुपच्या आत्याकडे,
दुसरा थेट नाळेच्या तोंडाशी.
चढाईला उरतात दोन दिवस,
हवा बिघडली तर एक.
एका दिवसासाठी अकरा! घरी हे असं सांगता येणार नाही.

ते दोघं गेल्यावर मी कुऱ्हाड काढतो,
फुटक्या लादीवर एक घाव घालून बघतो.
बर्फ खरा असला की आवाज ठक्क येतो,
पोकळ असला की ढब्ब, एवढं शिकलोय.
आमची लादी दोन्ही वाजत नाही,
नुसती भुगा होऊन बुटांवर सांडते.

बाहेर पडलो की चष्मा आंधळा होतो.
मिशीतलं हिव वितळून ओठांवर उतरतं,
जिभेनं चाखून बघतो.
मासळीचंच आहे.